जपानला गेलेली गोल्फची बॅग

गोल्फची बॅग मी पहिल्यांदा हातात घेतली ती तिचा मालक गेल्यानंतर. तोवर चाकणच्या रस्त्याला परदेशी साहेबांच्या गाड्यांच्या डिकीत लांबूनच पाहिली होती. माणूस मेला की त्याची काठी, चप्पल, पांघरूण आमच्यात कुणी घरात ठेवत नाही. आणि इथे मेलेल्या माणसाच्या डझनभर काठ्या माझ्या टेबलावर येऊन पडल्या. त्या विमानाने जपानला, त्याच्या घरी न्यायच्या होत्या.

मी पॅकिंगवाला. मूळचा मोशीचा, शाळा चौथीपर्यंत. रस्ता आणि कंपन्या आल्या तेव्हा जमीन गेली. भावकीतल्यांनी त्या पैशांत बंगले बांधले, जीप घेतल्या, तमाशाची बारी गावात आणली. मी आरा मशीन घेतलं. लोक हसले. आज चाकणच्या कंपन्यांचे डाय, गिअर, पंप माझ्या पेट्यांत बसून जर्मनीला जातात, ब्राझीलला जातात. मी स्वतः कुठे गेलो नाही. पण माझी पेटी तिकडे उघडली आणि आत माल हललेला सापडला, असं आजवर कुणी कळवलेलं नाही. बढाई म्हणून सांगत नाही, असं लोक म्हणतात. मी बढाई म्हणूनच सांगतो.

हा साहेब माझ्या ओळखीचा होता. त्याच्या कंपनीचा माल आमच्याकडेच पॅक होई. पहिल्यांदा शेडवर आला तेव्हा त्याने बूट काढले, पांढऱ्या मोज्यांनी पेटीवर चढला आणि वर उभा राहून उड्या मारल्या. फळी करकरली नाही. उतरला, बूट घातले, माझ्यासमोर कमरेत वाकला. मीही वाकलो. पुढे जेव्हा आला तेव्हा उडी मारल्याशिवाय गेला नाही. त्याची गाडी वळली की माझा मुलगा आत ओरडायचा, "आबा, तुमचा उडीवाला आला!"

एका रविवारी तो सकाळी गोल्फ खेळून परत आला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरला, दाराला धरून खाली बसला, आणि उठला नाही. बायको जपानहून येईपर्यंत कंपनीने सगळं सांभाळलं. ती आल्यावर इथेच अग्नी दिला. आता ती अस्थी घेऊन परत जाणार होती, आणि सोबत ही बॅग.

बॅग घेऊन कंपनीतली दुभाषी मुलगी आली. चिंचवडची पोरगी, जपानी शिकलेली, साहेबाच्या मीटिंगांना हीच बसायची. डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, हे साधं पार्सल नाहीये. आधी नीट ऐकून घ्या."

तिने जे सांगितलं ते असं. मॅडम यायच्या आत कंपनीने चांगल्या मनाने साहेबाचा फ्लॅट साफ करून घेतला होता. फरशी फिनेलने पुसली, चादरी बदलल्या, सगळे कपडे लाँड्रीला देऊन कडक इस्त्री करून कपाटात लावले. बाई आली, कपाट उघडलं, एकेक शर्ट नाकाला लावत गेली आणि शेवटचा शर्ट लावून झाल्यावर कपाट बंद केलं. त्या घरात नवऱ्याचा वासच उरला नव्हता. उरली ती गाडीच्या डिकीत राहून गेलेली ही बॅग.

"मॅडम म्हणतात, यातलं काही पुसू नका, काढू नका. साहेबांनी ठेवली तशी घरी न्यायचीय. आत बूट आहेत, फक्त त्यांची माती तेवढी काढा. तिकडे विमानतळावर बुटांना माती असली की अडवतात."

मग तिने बॅगेच्या बाजूचा कप्पा उघडून एक हातमोजा दाखवला. पांढऱ्या पातळ कातड्याचा, डाव्या हाताचा. तळहात घामाने काळा झालेला. घामासकट वाळताना त्याची बोटं वाकडी राहिली होती, काठी धरल्यासारखी. आत अजून कुणाचा हात आहे असं वाटत होतं. मी तो हातात घेतला नाही.

"सांगा त्यांना," मी म्हटलं, "हाय तसं पोचंल."

एवढं बोललो. माझ्या धंद्यात एवढं बोललं की झालं.

मुलाशी पहिली खटकली ती पेटीवरून. तो डिप्लोमावाला. त्याने मोबाइल पुढे केला. "आबा, गोल्फची तयार पेटी मिळते. कडक प्लास्टिकची, खाली चाकं. परवा येईल घरी."

"चाकं असलेली पेटी ढकलायला सोपी. फेकायला त्याहून सोपी."

"आणि तुमची लाकडाची पेटी विमानात चढू देतील? वजन बघतात तिथे. हा पंप नाही, काठ्या आहेत."

"काठ्या हायत म्हणूनच. पंप पडला तर फरशी फुटती. ह्या पडल्या तर ह्याच फुटतील."

शेवटी दोघांचंही थोडं थोडं राहिलं. कडांना पाइनची सडपातळ चौकट आणि अंगाला पातळ प्लाय. वजन विमानाच्या हिशेबात बसेल इतकंच. प्लायच्या चारी कडा मी स्वतः घासून घेतल्या.

काठ्या मी टेबलावर मांडून बराच वेळ नुसत्या पाहिल्या. नवा माल आला की माझं असंच असतं. आधी तो मोडायला कुठे बघतो ते शोधायचं. गिअरचा दात, पंपाची नळी, प्रत्येकाची एक कच्ची जागा असते. या काठ्यांची कच्ची जागा मान. खाली डोकं जड आणि दांडा काळा, पोकळ, बोटाएवढा. डोकं आणि दांडा मिळतात तिथेच ती जाणार. सगळ्यात लांब काठीचं डोकं तर नारळाएवढं दिसायला आणि उचललं तर करवंटीसारखं हलकं. मी प्रत्येक मानेला फोमची पट्टी गुंडाळली, डोक्यांना वेगवेगळं बांधलं, की एकाने दुसऱ्याला ठोसा मारू नये. बॅगेच्या मधोमध एक लाकडी दांडा उभा करायचं ठरवलं, सगळ्यात लांब काठीपेक्षा चार बोटं उंच. पेटी उलटी डोक्यावर आपटली तरी पहिला मार त्या दांड्याने खायचा. जड मशीनच्या पेटीत आम्ही मधे खांब देतो, तेच हे. मुठींना मात्र मी हात लावला नाही. जिथे धरायचं तिथे वरून नुसता कागद.

पोरगा बघत होता. म्हणाला, "दांडा भारी सुचला, आबा."

"सुचायला काय झालं? आयुष्य गेलं त्यात."

काठ्या मापाला शेडमध्ये आणल्या होत्या. बॅग मात्र मी घरात ठेवली होती. शेडमध्ये भुसा उडतो आणि कापडावर बसला की निघत नाही. घर शेडला लागूनच आहे. पुढच्या खोलीत धुतलेली चादर अंथरून त्यावर बॅग उभी केली. बॅगेतले बूट काढून नळाखाली घेऊन बसलो, तारेच्या ब्रशने तळाची माती काढली, खिळ्यांच्या मधली सुईने काढली. वरचं कातडं कोरडंच ठेवलं. बायको दाराशी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "कुणाचं?"

"त्या उडीवाल्या सायबाचं."

"गेला त्यो?"

"व्हय."

ती जराशी हळहळली आणि आत गेली. मीही शेडमध्ये गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकट बसवून झाली आणि मी बॅग आणायला घरात आलो. बॅग जागेवर होती. तिच्या कडेला अडकवलेला टॉवेल नव्हता. बाजूच्या कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा.

जिना चढून गच्चीवर गेलो. तारेवर टॉवेल वाळत होता. मोठ्या डोक्याच्या काठ्यांना घालायच्या लोकरीच्या टोप्या वाळत होत्या. आणि कठड्यावर एका सपाट दगडाखाली हातमोजा.

दगड उचलला. मोजा पापडासारखा सपाट झाला होता. पाचही बोटं सरळ. काळा तळहात कुठे गेला कुणास ठाऊक, सगळा पिवळट पांढरा. साबणाचा वास येत होता.

बायको मागून वर आली. "अजून दमट हाय, हात लावू नका."

"हे काय केलंस?"

"धुतलं. दिसत न्हाई?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ह्यात काय सांगायचं? मेलेल्या माणसाच्या अंगचं हाय ते. घामानं भरल्यालं तसंच त्या बाईच्या हातात द्यायचं? काय म्हनंल ती, मोशीच्या बायांना रीतभात न्हाई?" ती बोलत होती आणि चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान होतं. "दोनदा साबन लावला. बोटं काय सरळ व्हईनात. मग दगड ठिवला. आन् दुसऱ्या हाताचा कुठं टाकला तुमी? सगळी बॅग हुडकली मी."

"एकच असतो त्यो."

"एकाच हातात घालत्यात?"

मी तिथेच कठड्यावर बसलो. मग तिला सगळं सांगितलं. फ्लॅट, फिनेल, इस्त्रीचे शर्ट, कपाट. ती बाई का आणि काय मागत होती ते. बायको ऐकत राहिली. तिचा हात तारेवरच्या टॉवेलवर होता, तो तिने काढून घेतला.

"मला आधी का न्हाई सांगितलं?"

"धंद्यातलं घरात बोलायची माझी रीत न्हाई."

"व्हय ना," ती म्हणाली. "तुमची रीत तुमी केली. माझी मी केली."

आणि खाली गेली. मी तिच्यावर ओरडलो. खाली ती ऐकत ऐकत भांडी घासत राहिली. त्याचा मला आणखी राग आला.

मुलाला कळलं तेव्हा तो डोकं धरून बसला. जरा वेळाने म्हणाला, "आबा, ऐका. पुण्यात दुकान आहे. अगदी असाच नवा मिळतो. आणू, पाण्यात भिजवू, हाताने चुरगाळू, थोडा काळा करू तळहात."

"आन्?"

"ठेवून देऊ कप्प्यात. पेटी उघडेल तेव्हा ती जपानमध्ये असेल."

"म्हंजे मेलेल्याचं सोंग इकायचं तिला."

"सोंग काय त्यात? त्या बाईला तेवढंच समाधान."

"माझ्या पेटीत मी सांगतो त्येच असतं," मी म्हटलं. "आजवर होतं. ह्यातबी तसंच असंल."

"मग काय सांगणार तिला? तोंड आहे आपल्याला?"

"तोंड हाय म्हणूनच सांगनार."

तो उठून गेला. जाताना म्हणाला, "तुमचा हट्ट कुणाला तरी रडवल्याशिवाय राहत नाही." हे तो लहानपणापासून म्हणत आलाय.

मॅडम त्याच दिवशी संध्याकाळच्या आधी आली. झाकण लावण्यापूर्वी एकदा बघायचं, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. लहान चणीची बाई, अंगात काळे कपडे. दोन्ही हातांत छातीशी धरलेलं पांढऱ्या कापडात बांधलेलं खोकं. ते काय आहे हे दुभाषीने सांगायची गरज पडली नाही. माझ्या बायकोने पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. आमच्यात ते घराच्या उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. तिला कुठे बसवावं हे बायकोला कळेना, म्हणून तिने शेडच्या दारात, बाहेर नाही आणि आतही नाही, अशी खुर्ची ठेवली. बाई बसली नाही.

ती पेटीपाशी आली. काठ्या, मानेच्या पट्ट्या, मधला दांडा, सगळं बघितलं. दांड्याला बोट लावून दुभाषीकडे पाहिलं. मी कशासाठी ते सांगितलं, मुलीने तिला सांगितलं. बाईने मान हलवली आणि माझ्याकडे बघून किंचित वाकली. नवऱ्यासारखीच वाकायची. आता बोलायला नको, असं तेव्हा मला वाटलं का? वाटलं. पण बोललो.

"पोरी, तिला सांग. हातमोजा, टावेल आन् टोप्या माझ्या घरात धुतल्या गेल्या."

मुलगी पांढरी पडली. "काका, नको ना. उद्या त्यांची फ्लाइट आहे."

"सांग."

"मी कसं सांगू हे?"

"मराठीत सांगितलं मी. तू जपानीत सांग."

तिने सांगितलं. चार-दोन शब्दच होते. बाईने खोकं एका हातात घट्ट धरलं आणि दुसरा हात पुढे केला. मी मोजा तिच्या हातावर ठेवला. तो तसाच सपाट पडून राहिला. तिने अंगठ्याने त्याचं एक बोट वाकवून पाहिलं. वाळलेल्या कातड्याचा कर्रकन आवाज झाला. मग तो तिने नाकापाशी नेला आणि लगेच खाली घेतला.

माझी बायको दारातून पुढे आली. कुणी बोलावलं नव्हतं. "ताई, मी धुतला. ह्यांनी न्हाई, मी. मला ठावं न्हवतं वो."

बाई तिच्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात काहीतरी बोलली. दुभाषी मुलगी अडखळली.

"काय म्हनती?" बायकोने विचारलं.

"त्या विचारतायत... धुतलं तेव्हा पाणी काळं निघालं का?"

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "निघालं. लई काळं निघालं. दोन पाण्यांत."

"ते पाणी कुठे टाकलं?"

"मोरीत."

"मोरीतून कुठे जातं?"

"गटारात." बायकोचा आवाज बारीक झाला. "गटारातनं नदीला. इंद्रायणीला."

मुलीने सांगितलं. बाईने मान हलवली, पत्ता नीट समजल्यासारखी. बायकोला तेवढ्याने राहवेना. "आमचीबी मानसं तिथंच जात्यात, ताई. माझा सासरा तिथंच, सासू तिथंच." हे मुलीने जपानीत सांगितलं की नाही मला माहीत नाही. मुलगी बोलली खरी, पण रडत रडत बोलली, आणि बाईचा चेहरा होता तसाच राहिला.

तिने हातमोजा पॅकिंगच्या टेबलावर ठेवला. टॉवेल आणि टोप्या मी घडी करून पुढे केल्या होत्या, त्या तिने घेतल्या, स्वतः बॅगेत ठेवल्या. मोजा तिथेच.

"ह्यो आत ठिवायचा ना?" मी विचारलं.

मुलीने विचारलं. बाईने मान हलवली. नको. आणि पेटीकडे हात केला. बंद करा.

मी झाकण लावलं. माझ्या हाताने एकेक स्क्रू आवळला. मुलगा मशीन घेऊन पुढे आला तर त्याला मागे सारलं. शेवटचा स्क्रू बसेपर्यंत ती उभी होती. मग तिने पेटीवर तळहात ठेवला आणि जोर देऊन दाबून पाहिला. लाकूड हललं नाही. ती मला वाकली, मुलाला वाकली. माझ्या बायकोसमोर जाऊन तिलाही वाकली, तेवढीच, ना कमी ना जास्त. खोकं सांभाळत गाडीत बसली. पेटी मागच्या टेम्पोत चढली.

गाडी गेल्यावर दुभाषी मुलगी पाणी प्यायला थांबली. मला म्हणाली, "काका, तुम्ही गप्प बसला असता तर?"

"तर तिला तिकडं एकटीला कळलं असतं," मी म्हटलं. "इथं निदान इचारायला मानूस होतं."

मला ते उत्तर तेव्हा बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. मुलाला वाटत नाही. त्याच्या मते मॅडमच्या इथल्या शेवटच्या दिवशी मी तिच्या हातात साबण लावलेलं कातडं ठेवलं, एवढंच घडलं.

आठवड्याभराने कंपनीतून मुलाच्या फोनवर निरोप आला. मॅडमने दुभाषीला कळवलं होतं, तिने तो मराठीत करून धाडला होता. मुलाने शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. पेटी सुखरूप पोचली. विमानतळावर कुणी अडवलं नाही. एकही काठी मोडली नाही, एकीवरही ओरखडा नाही. पॅकिंग फार उत्तम, मनापासून आभार. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मुलाने तो निरोप लगेच आमच्या दुसऱ्या कंपन्यांना पुढे पाठवला. धंद्याला उपयोगी पडतं.

बायको टाळ्या ऐकून हात पुसत बाहेर आली होती. तिने तो पुन्हा वाचायला लावला. मुलाने वाचला.

"आन् पुढं?" ती म्हणाली.

"पुढे काही नाही, आई. संपला."

"माझं काय लिवलंय?"

"तुझं काही नाही."

"बरं," म्हणाली. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, फोनकडे बघत, अजून काहीतरी यायचं राहिलं असावं तशी. मुलाने फोन खिशात टाकला. शेडमध्ये आरा परत सुरू झाला आणि त्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येईना.